उलट्या शिडाचं जहाज

युसूफचाचा गेले तेव्हा मी कामानं अकोल्याला होतो. तुळशीरामचा फोन आला. "चाचा गेले," एवढंच बोलला. वरवट बकालला, आमच्या गावी, पोहोचेपर्यंत माती होऊन गेली होती. कब्रस्तानाबाहेर तुळशीराम हाताला लागलेली माती न झटकता उभा होता. चाचा आणि तुळशीराम, या दोघांचं एक पूर्ण हंगाम बोलणं बंद होतं, हे आज कोणाला सांगितलं तर पटणार नाही. म्हणून लिहायला बसलो.

चाचांचं बी-बियाण्याचं दुकान. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि पेढे घेऊन दुकानात गेलो, तर चाचांनी ते गिऱ्हाइकांनाच वाटून टाकले. "खा, आपला बीए झाला हा!" तेव्हापासून त्यांनी मला नावानं हाक मारणंच सोडलं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. दुकानात माल बराच होता, पण लोक यायचे ते चाचांच्या शब्दासाठी. "चाचा, काय पेरू?" असं विचारायचे आणि चाचा ज्या पाकिटावर हात ठेवतील ते उचलायचे. बीटी कपाशी नवी आली तेव्हा चाचांनीच ती भीत भीत लावायला सांगितली होती. बोंडं भरली, फवारे कमी झाले, चाचांचा शब्द आणखी वजनदार झाला… आणि तिथंच घात झाला. अळी परत दिसायला लागल्याची कुजबुज होती. तुळशीराम म्हणाला, "औंदा कपाशी नाही लावत चाचा, मन नाही होऊन राह्यलं." चाचांनी पाकिटावर हात ठेवला. "मी सांगतो ना बे, डोळे झाकून लाव!"

त्या हिवाळ्यात बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि पिवळी कवडी, म्हणजे न उमललेला, सडका कापूस. तुळशीरामनं कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीत बकऱ्या सोडल्या. तो भांडायला आला नाही, शिवी दिली नाही. फक्त दुकानावरून जायचं सोडून मागच्या गल्लीनं जायला लागला. हळूहळू बाकीचेही. "शिव्या देल्या असत्या तर बरं झालं असतं रे," चाचा म्हणायचे. अळी काही त्यांनी सोडली नव्हती, हे मी त्यांना शंभरदा समजावलं. ते मान हलवायचे. "अळी माही नाही. शब्द त माहा होता ना?"

ईदला आलेली नातवंडं प्लास्टिकच्या जोडायच्या ठोकळ्यांची एक पिशवी विसरून गेली होती. रिकाम्या दुकानात बसून चाचा ते ठोकळे हाताळू लागले, आणि एक दिवस मला म्हणाले, "बीए, जुन्या काळात हाजी लोक जहाजानं जात, त्याचा फोटू हाय का तुह्या पुस्तकात?" मी मध्ययुगातल्या शिडाच्या जहाजाचं चित्र आणून दिलं. आमच्यापैकी कोणी समुद्र पाहिलेला नव्हता. चौकोनी ठोकळ्यांतून जहाजाचं गोल पोट काढायचं म्हणजे सोपं नाही. एकेक ठोकळा थोडा थोडा बाहेर सरकवत पायऱ्या करायच्या. एका रंगाचे पुरेसे नव्हते, म्हणून पोट लाल-पिवळं-हिरवं झालं. डोलकाठी लचकायची, तिच्यात छत्रीची काडी घातली. शिडाला पांढरं सुती कापड भाताच्या पेजेत बुडवून, वाटीवर वाळवून घेतलं, म्हणजे फुगलेलं राहील.

पण लावलं उलटं! फुगवटा मागच्या बाजूला. मी हसलो. "चाचा, बैल पुढून ओढतो, वारा मागून ढकलतो. शिडाचं पोट पुढं पाहिजे." त्यांनी मुकाट्यानं फिरवलं. मग येणारे-जाणारे डोकावू लागले, आणि जो तो हरकत घेऊ लागला. "टॅक्टरवरचा झेंडा मांगं फडफडते, याचं कापड पुढं काऊन पळून राह्यलं?" चाचा टेबलफॅन लावून समजावून सांगायचे. कोणाला पटायचं, कोणी "समुद्रात काहीही होत असन" म्हणून चहा पिऊन जायचं. दुकानात पुन्हा माणसांचा आवाज आला.

आणि एका दुपारी तुळशीराम आला. आत नाही, पायरीवरच. जहाजाकडे बराच वेळ पाहत राहिला.

"उलटं लावलं तुमी."

मी तोंड उघडणार तेवढ्यात चाचांनी माझा गुडघा दाबला. "उलटं हाय?"

"हाव. पुढं जाणाऱ्याचं कापड मांगं जाते."

चाचांनी शीड काढलं, फिरवलं, पुन्हा बसवलं. "असं?"

"हाव. असं." तुळशीराम आत येऊन बाकावर टेकला. म्हणाला, "मी नाही लावत म्हणत होतो, चाचा…"

"म्हणत होता. मी आयकलं नाही."

याउपर त्या गोष्टीवर ते दोघं कधी बोलले नाहीत. चहा आला.

तुळशीराम गेल्यावर मी तडकलो. शिकलेल्या माणसासमोर धडधडीत चूक! चाचा म्हणाले, "मले माहीत हाय रे. मांगच्या वक्ती मले सगळं माहीत होतं, अन् त्यानं आयकलं. या वक्ती मी आयकतो." त्यांनी शीड कधीच सरळ केलं नाही. कोणी खोड काढली तर म्हणत, "तुळशीरामले इचारा."

चाचांच्या चाळिसाव्या दिवसानंतर त्यांची लेक नसीमा जहाज खामगावला न्यायला आली. "भाऊ, शीड उलटं आहे म्हणतात, तुम्ही तेवढं नीट करून द्या." मी शीड काढून हातात घेतलं. तुळशीराम शेजारीच होता. "करा सरळ," तो म्हणाला. "मले मांगंच समजलं होतं. पोरीनं टीव्हीवर जहाज दाखोलं."

"मग बोलला का नाहीस?"

"रोज वाटे, उद्या सांगू… पण दुकानात आलं की ते दिसे. बरं वाटे. आपलं कोणी आयकलं म्हणून."

मी शीड होतं तसंच बसवून दिलं. नसीमाच्या घरी येणारा प्रत्येक शिकलेला माणूस त्यात चूक काढतो म्हणे. काढू दे.