दोन पक्षांना दोन पेट्या

नातवानं परवा हॉलमध्ये पाच स्पीकर लावले. तीन समोर, दोन माझ्या पाठीमागे, आणि कोपऱ्यात एक बुटका ढोल. याला सराउंड म्हणतात म्हणे. "आजी, स्टिरिओत आवाज समोरून येतो, एक डावा अन् एक उजवा. यात चारी बाजूंनी येतो." म्हटलं, बाबू, चारी बाजूंचा आवाज आम्ही तुझ्या बापाच्या जन्माआधी भोगलाय. मांडवाच्या चार खांबांना चार भोंगे आणि चारीतून एकच बोंब. पंगतीत वरण मागायचं तर हातवारे करावे लागायचे. पण भोंग्यांचा एक गुण होता, सगळ्यांना सारखंच बहिरं करायचे. स्टिरिओत तो गुण नाही. स्टिरिओपायी माझं लग्न मोडता मोडता राहिलं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. जऊळक्याला माझ्या थोरल्या भावाचा लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. माझ्या दोन सोयरिकी आधीच मोडल्या होत्या. पहिली, पाहुण्यांच्या पंगतीत कढी उशिरा पोचली म्हणून. दुसरी, आहेराच्या टोप्या लहान झाल्या म्हणून. टोप्या बरोबर होत्या, डोकी फुगलेली होती! आता ही तिसरी. हीसुद्धा फिसकटली असती तर चौथा कोणी आमच्या दाराकडे फिरकला नसता. आणि खरं सांगते, मला तो मुलगा फार आवडला होता. पाहायला आला तेव्हा बाकीचे पाहुणे चमचा हातात धरून लाजत बसले, यानं मुकाट्यानं पोह्यांची बशी साफ केली आणि आणखी मागितले. म्हटलं, हा ढोंगी नाही.

भावानं चंगच बांधला, "यावेळेस मानपानात कसर नाही राहू देत." अकोल्याहून स्टिरिओ रेकॉर्ड प्लेयर आणला, सोबत दोन लाकडी पेट्यांतले स्पीकर. दुकानदारानं बजावलं होतं, पेट्या जवळजवळ ठेवा, समोर मधोमध बसा, मग मजा. पण मांडवात मधोमध बसतं कोण? एका अंगाला वरपक्ष, दुसऱ्या अंगाला आम्ही आणि मध्ये लग्न लागायची जागा. भावानं डोकं चालवलं. एक पेटी पार त्यांच्या टोकाला ठेवली, दुसरी पार आमच्या. "दोघाइले एक-एक. कोणाचा मान कमी नाही, कोणाचा जास्त नाही." स्वतःवर इतका खूश की विचारू नका.

आता त्या रेकॉर्डवर गाणारी बाई एका पेटीत आणि वाजवणारे सगळे दुसऱ्या पेटीत, हे त्या शहाण्याला कुठं ठाऊक!

वऱ्हाड दुपारच्या गाडीनं आलं. चहापाणी झालं, गोरज मुहूर्त जवळ आला, मला मामानं आणून पाटावर उभं केलं. समोर अंतरपाट, पलीकडे नवरदेव. भावानं रेकॉर्ड लावली आणि माझे होणारे सासरे कडाडले, "काहून हो? पोरीवाल्याइले गाणं अन् आमाले नुसती ढणढण?"

भावानं धावत जाऊन वायरी उलटसुलट केल्या. बाई तिकडे गेली, तबला इकडे आला. झालं, आता आमचे काका पेटले, "आपल्याच मांडवात आपल्याले गाणं नाही?" आणि सासऱ्यांनाही पटेना. "बाईले एकटीले बोंबलायले लावलं! तबलेवाले कायले अडवून ठेवले तिकडे?"

"मामाजी, हा स्टिरिओ आहे..." सासऱ्यांना समजावता समजावता भाऊ घामाघूम झाला होता.

"स्टिरिओ असो का कोणी असो, अपमान झाला. चला रे, संध्याकाळच्या गाडीनं वापस!"

 इकडे मी पाटावरून कान देऊन ऐकते तर काय, डावीकडून बाई, उजवीकडून तबला, पुरं गाणं ठणठणीत ऐकू येतंय! नवरीनं मांडवात तोंड उघडू नये. खड्ड्यात गेलं ते. मी अंतरपाटाला तोंड लावून म्हटलं, "अजी, इथं तं दोन्ही ऐकू येऊन राह्यलं."

पलीकडून आवाज आला, "हो ना, मलेही." आमचं नवराबायकोचं पहिलं बोलणं ते हेच. मग तो ओरडला, "बाबा, जायच्या आधी इथं येऊन उभे राहा. माह्या जागेवर."

सासरे तणतणत आले. नवरदेव बाजूला झाला, हे त्याच्या पाटावर चढले, आणि चढले ते हलेचनात. "अरे बापा," एवढंच म्हणाले. ते ऐकून माझ्या मामाला कुठला धीर? त्यानं मला कोपरानं सारलं आणि माझ्या पाटावर उभा राहिला. दोघंही डोळे मिटून डोलताहेत, मध्ये अंतरपाट. भटजींना पाटावर कोण आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं, मुहूर्ताशी होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि मंगलाष्टक सुरू केलं. मागच्या लोकांना काय दिसतंय! "सावधान" आलं तसा तांदळाचा सडा पडला, सासऱ्यांच्या फेट्यावर आणि मामाच्या टकलावर.

"बाबा, सरका! लगन माहं आहे!" नवरदेव असा ओरडला की भटजीसुद्धा गप्प झाले.

सगळा मांडव हसायला लागला. सासऱ्यांनी फेट्यावरच्या अक्षता झटकल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि राग शोधू लागले, पण तो सापडेना. तेवढ्यात जवळच्या स्टेशनात संध्याकाळच्या गाडीची शिटी झाली. लोकांनी त्यांच्याकडे बघितलं. ते पाटावरून उतरले आणि म्हणाले, "ये पोरी, उभी राह्य तुह्या जागेवर. भटजी, पहिल्यापासून म्हणा."

भटजींनी पहिल्यापासून म्हटलं. तिसऱ्या कडव्याला गाडी सुटल्याचा आवाज आला, आणि मी धाय मोकलून रडले. बायका एकमेकींना सांगू लागल्या, माहेर सुटतं ना, म्हणून रडते बिचारी. माहेर गेलं चुलीत! गाडी गेली होती आणि तो समोर उभा होता, म्हणून रडत होते मी.