मंजूच्या पाठीतलं पाणी

देवी माझं ऐकत असेल यावर माझा विश्वास नव्हता, कारण चिंचणीत माझं कोणीच ऐकत नसे. मी धरलेला घोळ मासा सांगता सांगता होडीएवढा व्हायचा, वादळातली लाट माडाच्या शेंड्याला लागायची, आणि बंदरावर लोक विचारायचे, "काय रं, कालचा मासा आज किती वाढला?" मी हसून सोडून द्यायचो. पण माझी मंजू आठ वर्षांची झाली तरी उभी राहीना, तेव्हा ते हसू आटलं. जन्मताना ती उशिरा रडली होती. मेंदूला इजा झाली, आणि पाय वल्ह्यासारखे ताठ, कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. एकोणीसशे साठ साल उलटल्यावर कधीतरी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी तिच्या कण्यातल्या, पाय आखडून धरणाऱ्या काही नसा कापल्या. मी आमच्याकडच्या महालक्ष्मीला नवस बोललो, "आई, पोर उभी राहू दे, तुझ्या डोंगराच्या पायऱ्या तिच्या पायांनी चढवीन." आणि गावात सांगून मोकळा झालो, की पोरगी चैत्राच्या जत्रेत नाचत वर जाणार.

खरं म्हणजे ताठपणाबरोबर पायांतला जोरही गेला होता. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, निजवून ठेवा, जखमेतून पाणी आलं किंवा डोकं दुखलं तर ताबडतोब परत आणा. हे मंजूच्या आईने ऐकलं. मी त्या वेळी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला देवमाशाची गोष्ट सांगत होतो.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी मंजूला ओट्यावर खुर्चीत बसवली. गावाला दाखवायची होती ना! संध्याकाळी पाठीवरची पट्टी भिजलेली. रक्त नाही, पू नाही, नुसतं नितळ पाणी. मंजूची आई घाबरली. मी म्हणालो, "अगं, नवी होडी पाण्यात लोटली की पहिले चार दिवस आत पाणी येतंच. फळ्या फुगल्या की फटी आपोआप मिटतात."

"अवो, ही होडी नाय, पोर हाय!"

तरी मी तिला आणखी दोन दिवस बसवलीच. तिसऱ्या सकाळी बसवल्याबरोबर ती डोकं धरून ओकली. निजवली की जरा शांत व्हायची. "बाबा, मला नको बसवू," एवढंच म्हणाली. अंगाला हात लावला तर चटका बसला.

गाडी मिळवायला धावलो. मासळीची लॉरी घेऊन निघालेल्या हिराभाऊला म्हणालो, "पोरीच्या पाठीतून पाणी गळतंय. मुंबईला ने."

"किती रं? विहीरभर?" तो हसला आणि निघून गेला.

बाजारात बायका म्हणाल्या, "आज पाणी गळतंय, उद्या पाठीतून बोंबील निघतील!" जन्मात पहिल्यांदा मी एक अक्षर न वाढवता बोलत होतो, आणि लोक पोट धरून हसत होते. शेवटी नाक्यावर मटकन बसलो. तोंड उघडायचीही भीती वाटत होती. मनात म्हणालो, आई, डोंगर राहू दे. उभी राहो न राहो, पोर तुझी आहे. माझ्या थापांचा दंड तिला नको.

तेवढ्यात समोर गवताची लॉरी थांबली. तलासरीकडून मुंबईला निघालेली. सुके बोंबील घ्यायला म्हणून ड्रायव्हरने वाट वाकडी करून गाडी चिंचणीत आणली होती. "शूं थयूं, काका?" काय झालं म्हणून त्याने गुजरातीत विचारलं. मी सांगितलं. तो हसला नाही. बोंबील घ्यायचेही विसरला. घरासमोर लॉरी लावून म्हणाला, "पालथी झोपवा बेबीला. गवत मऊ आहे. आई जोडे बेसेल, बाजूला. बसवू नका हां कोणी." मुंबईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला त्याने गाडी अशी हळू घेतली की बैलगाड्या पुढे गेल्या. (एक तरी गेलीच.)

ते पाणी मेंदू-कण्याभोवतीचं होतं, बसवलं की जास्त गळायचं; डॉक्टरांनी जखम पुन्हा शिवली. "आणखी उशीर केला असता तर हातात काही राहिलं नसतं," ते म्हणाले. मंजू तीन आठवडे आडवीच होती. तेवढे दिवस मी दोन्ही कानांनी ऐकत तिच्या उशाशी बसलो, आणि देवमासा समुद्रातच राहू दिला.

ड्रायव्हरचे आभार मानायला तलासरी, अच्छाड पालथं घातलं, पण तो सापडला नाही. दोन वर्षांनी जत्रेत आपणहूनच समोर आला. मी पाया पडायला वाकलो, तर मला धरून म्हणाला, "काका, तुमची कीर्ती मग ऐकली. त्या दिवशी ओळखत असतो ना, तर मी पण हसून निघून गेलो असतो."

तेव्हा मला कळलं. माझ्या ओळखीचा एकही माणूस कामाचा उरला नव्हता. ती व्यवस्था मीच करून ठेवली होती. म्हणून महालक्ष्मी आईने अनोळखी धाडला. मी नवसात अटी घातल्या, तिने एकही पाळली नाही, आणि जे मागायचं मला सुचायला उशीर झाला, ते मात्र दिलं.

त्याच जत्रेत मंजू पायरी चढली. दोन काठ्या, कमरेला आईचा हात. आता ती ओट्यावर बसून बोंबील निवडते आणि कान माझ्याकडे ठेवते. कोणी पाहुणा आला की मी सांगतो, पोरगी त्या दिवशी नऊशे पायऱ्या चढली!

"बाबा, तीन," ती मान वर न करता म्हणते.

बरं बाय, तीन. देवीच्या कृपेने तीनही पुष्कळ झाल्या.