अण्णांचा थरथरता हात गावाच्या ग्रुपवर

मंडळी, आज लई किळस आली.

माझ्या वडिलांना, अण्णांना कंपवात हाय. सकाळी त्यांना घेऊन चौसाळ्याच्या आरोग्य शिबिराला गेलते. तिथल्या लोकांनी मोबाईलवर त्यांच्या चालण्याचा, बोटं उघडण्या-मिटण्याचा व्हिडिओ घेतला. तो बघून एआयनं सांगितलं, उजवा हात जास्त मंदावलाय. डॉक्टरांनी अण्णांना तपासून गोळी बदलली. बरं वाटलं.

दुपारी तोच व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर! मागं गाणं, कोपऱ्यात शिबिर भरवणाऱ्या पुढाऱ्याचा हसरा फोटो.

मी त्याला फोन लावला. म्हणतो, "ताई, चांगल्या कामाची जाहिरात हाय, चिडता कावून?"

भांडून व्हिडिओ काढायला लावला. पण अण्णांनी तो बघितलाच होता.

"चारचौघांत मी हात मांडीखाली दाबून बसतो, बाई," एवढंच म्हणाले.

तुमी काय बोलला असता अण्णांना?