शेपटावरचा साहेब

धारूरच्या बाजारात सोमेश्वरचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं दुकान होतं. गरजेपेक्षा जास्त काही दिसलं की त्याला शिसारी यायची. सांध्यावर थापलेले डिंकाचे गोळे, गळ्यातल्या दाव्याएवढ्या सोन्याच्या साखळ्या, चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळ्यांचीच. "कामापुरतं ठिव की बे," असं तो कुणालाही सुनवायचा.

पुण्याहून मागवलेलं खेळण्यातल्या विमानाचं किट त्यानं जोडलं, तर शेपूट जड निघालं. पंखांखाली दोन बोटं धरली की ते मागं लवंडायचं. मेव्हणा हनुमान म्हणाला, नाकात चार खिळे घाल, झालं. सोमेश्वरनं तोंड वाकडं केलं. आधीची दोन विमानं असल्याच खिळ्यांच्या वजनानं पडली होती. या खेपेला त्यानं बॅटरी पुढं सरकवली, डिंकाचा थेंब न् थेंब खरवडला, शेपटातली फळी काढून ज्वारीच्या धाटातला हलका भेंड बसवला. पोरं ज्याच्या खेळण्यातल्या बैलगाड्या करतात तोच. पंधरा दिवसांनी विमान दोन बोटांवर सरळ बसलं. बायकोला, अंजनाला, त्यानं ते तीनदा दाखवलं. आता ते एकदा उडायला हवं होतं, बस्स.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर उडवायचं ठरलं. पाहुणे होते संस्थेचे अध्यक्ष अमरसिंह. सकाळीच त्यांचा माणूस जाड फ्लेक्सवर छापलेले साहेबांचे दोन फोटो घेऊन आला, शेपटाच्या दोन्ही अंगांना चिकटवायला. शेपूट पुन्हा जड होईल, असं सोमेश्वरनं सांगून पाहिलं.

"मग नाकात खिळे घाला की," तो माणूस म्हणाला. "मैदान संस्थेचं हाय."

सोमेश्वरनं खिळे घातले. विमान सुटलं, पुरुषभर वर गेलं, घरघरलं आणि मंचाच्या पायरीवर नाक आपटून मोडलं. अमरसिंहांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. मोडक्या विमानासोबत साहेबांचा फोटो निघाला. सोमेश्वरच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला.

दुपारी जेवताना त्याच्या तोंडाला खळ नव्हता. साहेबांचं हसू, ती शाल, त्या लाचार टाळ्या, सगळ्याची लई किळस आली म्हणाला. असल्यांपुढं हात जोडणाऱ्यांचीसुद्धा.

अंजनानं भाकरी वाढली. "खरं हाय," ती म्हणाली. "पर खिळे कोनी घातले?"

सोमेश्वरनं आपल्या बोटांकडं पाहिलं. याच बोटांवर ते विमान सरळ बसलं होतं. आता त्याला त्या बोटांचीच किळस आली. ताट सारून तो हात धुवायला उठला.