होती म्हणजे काय?

शेजारच्या कॉटवरची बाई सकाळी बाळंत झाली. तिची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगत होती, "सुटली बाई एकदाची." मला भेटायला आलेल्या माझ्या मोठ्या जाऊबाईही माझ्या डोक्यावरून हात फिरवत तेच म्हणाल्या, "सुटलीस." माझं मूल मात्र पाचव्या महिन्यातच गेलं होतं.

जाऊबाईंचा राग आला नाही, त्यांना दुसरा शब्द सुचला नसेल. राग आला तो शब्दांचाच. पाळीचे दिवस टळून गेले, म्हणून 'दिवस गेले' म्हणत असावेत. गेलेल्या दिवसांचा तेव्हा केवढा आनंद! आता म्हणायचं, पोट खाली झालं. भांडं रिकामं झाल्यासारखं. त्यात कोण होतं, ते कुणी बोलतच नाही.

दुपारभर नवऱ्याचा फोन वाजत होता. भिंतीकडे तोंड करून तो प्रत्येकाला सांगत होता, "तिला जरा बरं नाहीये." जरा! सर्दी-तापाला म्हणतात तसं.

पुन्हा फोन वाजला, तेव्हा तो माझ्याजवळ येऊन बसला. "गावाहून आईचा आहे. तिला काय सांगू गं?"

"मुलगी झाली होती म्हणून सांग," मी म्हणाले. "आणि ती गेली, म्हणून सांग."

त्याने फोन कानाला लावला. "आई, आपल्याला मुलगी झाली होती," एवढं तो बोलला. पुढचं त्याच्या तोंडून फुटेना. मी फोन घेतला, पण 'गेली' हा शब्द मलाही उच्चारता येईना. फोनमधून सासूबाई विचारत राहिल्या, "होती म्हणजे? अरे, होती म्हणजे काय?"