फुंकर मारणाऱ्यांनी आत येऊ नये

ओसाकात, निप्पोनबाशीच्या मागच्या गल्लीत, नोरिहिको कितागाकीचं जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करायचं दुकान आहे. हात सोन्याचा, तोंड मात्र अतिशय घाण. दारावरच पाटी: ‘फुंकर मारणाऱ्यांनी आत येऊ नये.’ आता आमच्या पिढीत कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर न मारलेला माणूस शोधून सापडणार नाही. म्हणजे पाटी सगळ्यांनाच लागू.

टाय लावलेला साहेब असो की पन्नाशीची बाई, नोरिहिको आधी पिन तपासायचा, मग कॅसेट नाकाशी धरायचा.

‘‘फुंकलीत ना?’’

‘‘लहानपणी सगळेच फुंकायचो हो.’’

‘‘सगळेच गाढव होतात तुम्ही. थुंकी आत जाते, पट्ट्या गंजतात. कापूस आणि अल्कोहोल घरात नव्हतं?’’

या चिडीमागे एक जुनं प्रकरण होतं. तो बारा वर्षांचा असताना घरचा गेम अचानक बंद पडला. आदल्याच दिवशी धाकट्या भावाने, मासातोने, कॅसेटमध्ये गाल फुगवून फुंकर मारली होती. ‘‘तूच मारलास!’’ म्हणत नोरिहिकोने त्याला ढकललं. मासातो दगडी पायरीवर तोंडावर आपटला आणि पुढचा दात गेला. आईने गेम कपाटाच्या माळ्यावर टाकला आणि विषय बंद केला. नोरिहिकोने मात्र थुंकीने यंत्र कसं मरतं हे शिकण्यातच आयुष्य घातलं. चाळीस वर्षांत त्याने माफी मागितली नाही. कशाला मागेल? चूक धाकट्याचीच होती ना!

परवा दुपारी मासातो स्वतः दुकानात आला. काउंटरवर तोच लाल-पांढरा गेम ठेवला. सोबत त्याचा अ‍ॅडॅप्टर आणि कॅसेट, मागे मार्करने ‘मासातो’ लिहिलेली.

‘‘पाटी वाचली नाहीस?’’ नोरिहिको म्हणाला.

‘‘वाचली. माझ्यासाठीच लावलीय ना, दादा? तपास. गिऱ्हाइकाचं तपासतोस तसंच.’’

‘‘यात तपासायचंय काय? तू मारलेलं मशीन आहे हे.’’

‘‘तरी तपास.’’

नोरिहिकोने रागारागात अ‍ॅडॅप्टर ओढला. पिन पाहिली, मग सवयीने पाठीवरचा आकडा वाचला. पुन्हा वाचला. तीन व्होल्ट. या गेमला दहा लागतात. तो रेडिओचा अ‍ॅडॅप्टर होता.

मासातोने खिशातून कागदी पुडी काढली. किमोनो गुंडाळायचा कागद. आत खरा अ‍ॅडॅप्टर.

‘‘आईच्या किमोनो ठेवायच्या खणात सापडला. वृद्धाश्रमात जाऊन विचारलं तिला.’’

आमच्याकडे अभ्यास केला नाही की आया अ‍ॅडॅप्टर लपवायच्या आणि पोरं तांदळाच्या डब्यापर्यंत सगळं उचकून तो शोधून काढायची. कितागाकीबाई त्यांच्या वरताण निघाल्या.

‘‘काय म्हणाली?’’

‘‘म्हणाली, लपवला असता तर नोरिने शोधला असता. म्हणून बदलला.’’

‘‘आणि तुझा दात पडला तेव्हा? तेव्हा का नाही बोलली?’’

‘‘म्हणाली, बोलले असते तर तुम्ही पुन्हा खेळत बसला असता.’’

नोरिहिकोचा चेहरा उतरला. क्षणभर वाटलं, आता बोलेल. मासातोही त्याचीच वाट बघत उभा होता. एवढ्या एका शब्दासाठी तो नागोयाहून आला होता.

‘‘तरीपण,’’ नोरिहिको घसा खाकरून म्हणाला, ‘‘कॅसेटमध्ये फुंकर मारूच नये. हे शास्त्रच आहे.’’

‘‘तू म्हणजे ना,’’ मासातो म्हणाला, ‘‘मेलास तरी शास्त्रच सांगशील.’’

त्याने खरा अ‍ॅडॅप्टर गेमला लावला, वायर टीव्हीला जोडली. मग तोंडात बोट घालून खोटा दात काढला आणि तो नोरिहिकोच्या स्क्रू-ड्रायव्हरांशेजारी ठेवला. कॅसेट उचलली, ओठांशी नेली आणि भावाच्या डोळ्यांत डोळे घालून जोरात फुंकर मारली. फटीतून शिट्टी वाजली. थुंकी उडाली.

कॅसेट खाचेत बसवली, बटण दाबलं आणि टीव्हीवर निळं आकाश आलं. सुरुवातीची ती ट्यून दुकानभर वाजायला लागली.

मासातोने दात उचलला, बाहीला पुसला, बसवला आणि निघून गेला. जाताना दारावरची पाटी काढून काउंटरवर उपडी टाकली. नोरिहिकोने ती अजून परत लावलेली नाही.