प्रवीणच्या हाती गाडी

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही — आणि प्रवीण तिचाच धाकटा भाऊ. तुम्हाला का सांगतोय? ही भीती एकट्याला पचत नाही, दुसरं काय!

माझी गाडी ॲपवर चालते. म्हणजे — माझ्या नावावर चालते. कंबरेच्या ऑपरेशननंतर मला फार वेळ बसवत नाही. रोज सकाळी मी गाडीच्या मोबाइलसमोर चेहरा दाखवतो, ॲपचं समाधान होतं, मग मोबाइल आणि किल्ली प्रवीणकडे. असं बरेच जण करतात. त्यात एवढं काय?

प्रवीणला टॅक्सीचा बिल्ला मिळाला नव्हता. आरटीओतला साहेब खडूस होता, असं तो सांगायचा. मग एका दुपारी सक्करदरा तलावाजवळ तो मला उभ्या गाडीत दिसला — मान वाकडी, दात आवळलेले, अंगाला झटके. मिरगी. शुद्धीवर आल्यावर माझा हात धरून म्हणाला, "ताईले सांगू नका, भाऊजी. गोळ्या घेऊन राहिलो ना मी." मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी किल्लीही दिली.

पुढे ऑटोवाले, टॅक्सीवाले आणि आम्ही ॲपवाले यांची बैठक झाली. एक म्हातारे टॅक्सीवाले काका उठले. "आमची डॉक्टरी तपासणी होते, मंग याईची काहून नाही? स्टँडवर आम्ही एकमेकाले ओळखतो. याईच्या गाडीत कोण बसून राहिला, कोणाले माहीत?"

आणि — सगळ्यांच्या आधी मीच उठलो. "गरिबाच्या पोटावर काहून पाय देता गा?" टाळ्या पडल्या. काका खाली बसले. त्यांचं खरं होतं, हे तिथे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

पोटाचं म्हणाल तर बायकोची नोकरी आहे. गाडी बंद पडली तर आम्ही उपाशी मरणार नाही. प्रवीणला गाडीवरून उतरवलं तर ती कारण विचारेल, आणि इतके दिवस गप्प का होतास, हेही विचारेल. मला त्या प्रश्नाची भीती वाटते. अँब्युलन्सचा आवाज आला की मी आधी प्रवीणला फोन लावतो, तरी त्या प्रश्नाची भीती जास्त आहे. असा माणूस आहे मी.

आत्ताच प्रवीणचा फोन येऊन गेला. बुटीबोरीची सवारी मिळाली — एक बाई आणि तिचं लहान लेकरू. सकाळपासून डोकं जड आहे, म्हणाला.

मी म्हणालो, "बरं."